चौथी तार

रिलेचा डबा म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची मारामारी कुणाला कळायची नाही.

ट्रॅक्टरचं इंजिन सुरू करायला जो स्टार्टर फिरतो, त्याला करंट लागतो मुलखाचा. तेवढा करंट बोटाखालच्या बटनातून नेला तर बटन जळून जाईल. म्हणून मधे एक डबा बसवतात. बटन दाबलं की डब्यातलं लोहचुंबक एक पत्री खेचतं, 'टक' असा आवाज होतो आणि बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला मिळतो. डब्याला तारा चार. एक बॅटरीची, एक स्टार्टरची, एक बटनाची आणि चौथी अर्थची, म्हणजे बॉडीतून करंट परत जायची. आबांच्या ट्रॅक्टरची ही चौथी तार कंपनीवाल्यांनी सरळ बॉडीला न लावता गिअरपेटीखालच्या एका छोट्या स्विचमधून नेलेली होती. गिअर मोकळा असेल तरच तो स्विच जुळायचा. गिअर पडलेला असेल तर तुम्ही बटन दाबून दाबून मेलात तरी डबा आवाज करायचा नाही. कारण गिअरमध्ये असलेलं इंजिन सुरू झालं की ट्रॅक्टर तिथल्या तिथे चालायला लागतो, आणि पुढे कोण उभं आहे हे तो बघत नाही.

एवढं ध्यानात ठेवा. बाकीचं सगळं माझ्या रागाचं आहे.

मी हे काम धुळ्याला शिकलो. तेव्हा मी मिशी फुटलेला गडी होतो, तरी उस्ताद मारायचा. चूक झाली की हातात असेल त्यानं मारायचा. पान्यानं मारलं, पंख्याच्या पट्ट्यानं मारलं, एकदा चालत्या इंजिनच्या मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, तार मानेला लावली आणि मी उडून पडलो तेव्हा पोट धरून हसला. मी त्याच्याकडून वायरिंग शिकलो आणि मारणंही शिकलो. दोन्ही सारखंच चांगलं जमायला लागलं. शहाद्याला एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझी टपरी झाली तेव्हा पहिल्याच वर्षी मी एका ट्रकवाल्याचा दात पाडला, कारण तो म्हणाला की माझ्या वायरिंगमुळे त्याचे दिवे गेले. दिवे माझ्याच वायरिंगमुळे गेले होते. पण ते मला दुसऱ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. राग माझ्या नाकावर नव्हता, हातात होता. घरी बायकोनं भाजीत मीठ कमी घातलं तरी हात उठायचा. आज ते लिहितानासुद्धा मान खाली जाते.

आणि लोकांना हे चालायचं! "वायरमन तापट शे, पण काम एक नंबर," असं म्हणायचे. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. एकोणीसशे साठनंतरच्या त्या सालांत शहाद्याच्या आसपास ट्रॅक्टर मोजके, आणि त्यांची वायरिंग उलगडणारे आम्ही दोन-तीनच. माज यायला तेवढं पुरतं.

तापीच्या काठच्या एका गावात गुजर घरातले एक आबा होते. सत्तरीला आलेले, कापूस आणि केळीचे मोठे बागायतदार, गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर त्यांनी घेतला तेव्हा घरातल्या सगळ्या तरण्या पोरांना वाटलं, आता सीटवर आपण बसणार. आबांनी बसवलं भलत्यालाच. नवापूरकडच्या डोंगरातला एक कोकणी जमातीचा आदिवासी गडी ऊसतोडीला त्यांच्याकडे येत असे. गप्प, काटक, पस्तिशीचा. इंजिन बिघडलं की तो लांब उभा राहून नुसतं ऐकायचा आणि नेमकं कुठे दुखतंय ते सांगायचा. आबांनी त्याला ट्रॅक्टर शिकवून घेतला. त्याच्या पाड्यात त्याच्याआधी कुणी बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं. नांगरट बघायला त्याची माणसं दोन दिवस चालत आली होती म्हणे. तेव्हापासून गावात आणि पाड्यावरही त्याला सगळे डायवर म्हणायला लागले, आणि त्याला ते फार आवडायचं. ती लोखंडी सीट गेली तर तो पुन्हा कोयता घेऊन फडात उभा राहणार, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आबांच्या पुतण्याला तर पक्कं माहीत होतं, कारण तो त्याच दिवसाची वाट बघत होता.

दसऱ्याच्या तोंडावर ट्रॅक्टरचा रिले जळाला. नवा डबा सुरतेहून कुणीतरी आणला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला बोलावणं आलं. गेलो तर अंगणात ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा. पुतण्या ओट्यावर बसलेला, आजूबाजूला आठ-दहा माणसं. डायवर माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

आबांचं म्हणणं एवढंच होतं की उद्या पूजेनंतर ट्रॅक्टर त्यांच्या हातानं सुरू व्हायला हवा. त्या घरात रीतच तशी होती. आधी मोटेला, मग इंजिनला, आता ट्रॅक्टरला, दसऱ्याला पहिला हात घरातल्या वडीलमाणसाचा. पण गुडघ्यांमुळे त्यांना सीटवर चढवत नव्हतं. तेव्हा बटन खाली आणून दे, जमिनीवर उभं राहून दाबता येईल असं, असं ते म्हणाले. मी म्हटलं त्यात काय मोठं. इंजिनच्या बाजूला, मोठ्या चाकाच्या पुढच्या मोकळ्या जागेत, कमरेच्या उंचीवर बटन बसवून दिलं.

मग डबा जोडला. तीन तारा झाल्या, चौथी झाली, आणि दाबलं तर कधी 'टक' व्हायचं, कधी नाही. मी समजलो. गिअरपेटीखालचा स्विच तेलानं भरला होता. तो उघडायचा तर पेटीतलं तेल काढा, स्विच सोडवा, घासा, परत लावा, म्हणजे अर्धा दिवस. ऊन उतरायला लागलेलं. शहाद्याची शेवटची एसटी गाडी चुकली तर दसऱ्याच्या सकाळी मी परक्या अंगणात. मी चौथी तार स्विचवरून काढली आणि सरळ डब्याच्या झाकणाआडच्या बॉडीच्या बोल्टला कसली. बटन दाबलं. दणक्यात सुरू झाला. ओट्यावरची माणसं वा वा म्हणाली.

डायवर वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला की ही तार इथली नाही, तिचं काहीतरी काम आहे, गिअर पडलेला असला की ही तार गाडी सुरू होऊ देत नाही, दोन वर्षं तो बघतोय. बरोबर बोलत होता. अक्षर न अक्षर बरोबर. आणि ओट्यावरून पुतण्या हसला. तो कुणाला हसला मला ठाऊक नाही, पण मला वाटलं मलाच हसला.

"तू माले शिकाडी ऱ्हायना का?" म्हणत मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

अशी दिली की तो उकिडवा बसलेला मागे हातावर पडला.  मग कुणीतरी हसलं आणि पुन्हा बोलणं सुरू झालं. डायवर उठला, धोतराला लागलेली माती झटकली आणि पाणी प्यायला गेला. माझा हात झिणझिणत होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटत होतं.

हत्यारं पिशवीत भरून झाली होती तेव्हा तो परत आला. गाल सुजायला लागलेला. अंगण नदीकडे उतरतं होतं आणि ट्रॅक्टरचा हातब्रेक नावापुरता, त्यामुळे तो रोज ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकून उभा करायचा. त्या रात्री तर करायलाच हवा होता, कारण चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं आणि पूजेआधी चाक लिंबावरून सरकलेलं त्या घरात चालत नसे. नारळ फुटल्यावर चढून तो गिअर मोकळा करणार होता; तोवर कुणी बटन दाबलंच तर राखायला ती तार होती, म्हणून त्याला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

"मिस्तरी, ती तार तठेच शे ना?"

म्हणजे त्याला म्हणायचं होतं, मला मारून झालं, आता तरी ती होती तिथे परत लावलीस ना. डबा बंद झालेला, झाकणाचे चार स्क्रू कसलेले, गाडीची वेळ झालेली. आणि परत उघडायचं म्हणजे ओट्यावरच्या सगळ्यांसमोर डायवर खरा ठरणार.

"शे," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि निघून गेला. गाडी मला तरीही चुकली, आणि मी त्याच गावात एका ओळखीच्या माणसाकडे मुक्काम केला. एवढं खोटं बोलून गाडीसुद्धा मिळाली नाही.

सकाळी आबांनी पूजेला थांबवून घेतलं. झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं. नारळ फुटेपर्यंत सीटवर कुणी बसायचं नाही, अशीही तिथे रीत होती, म्हणून डायवर पलीकडच्या बाजूला उभा होता, धुतलेला सदरा घालून, गालावर माझी बोटं घेऊन. नारळ फुटला. आबांनी पाणी शिंपडलं, हात जोडले आणि डायवर गिअर मोकळा करायला चढायच्या आतच मोठ्या चाकापुढे उभं राहून बटन दाबलं.

टक.

मी तो आवाज ऐकला आणि मला पुढचं सगळं कळलं. ट्रॅक्टरनं उडी घेतली. इंजिन पेटलं आणि मोठं चाक आबांना खाली घेऊन वर चढायला लागलं. आबांच्या तोंडातून आवाजच निघाला नाही, आवाज हाडाचा आला. बायका किंचाळल्या. मी जागचा हललो नाही. माझी पाचावर धारण बसली होती. हलला एकटा डायवर. पलीकडून त्यानं सीटवर झेप घेतली, क्लच आणि ब्रेक दाबले, इंजिन बंद करायची दांडी ओढली आणि चाक आबांच्या मांडीवर यायच्या आत थांबवलं. एक वीत पुढे गेलं असतं तर पोट होतं.

माणसांनी चाक मागे ढकलून आबांना बाहेर काढलं. गुडघ्याखाली पाय म्हणावं असं काही उरलं नव्हतं. त्यांना खाटेवर घातलं आणि एक जण शेजारच्या गावाला जीप आणायला पळाला.

आणि मग पुतण्या सीटकडे वळला. डायवर अजून ब्रेकवर पाय दाबून बसला होता, कारण पाय काढला तर गाडी उतारानं जाईल अशी त्याला भीती होती. गिअरची दांडी सगळ्यांना दिसत होती. पहिल्या गिअरमध्ये. गिअर टाकून ठेवला, आबांना मारलं, असं कुणीतरी ओरडलं आणि त्यांनी त्याला केसांनी धरून खाली ओढला.

मी मारामाऱ्या पुष्कळ केल्या आहेत. ती मारामारी नव्हती. लाथा, बुक्क्या, चप्पल, बैलाची पराणी, ज्याच्या हाताला जे लागलं ते. पूजेचा पाटसुद्धा एकानं घातला. धुतलेला सदरा दोन मिनिटांत लाल झाला. ओठ फाटला, एक डोळा मिटला. तो हात वर करून डोकं झाकत होता आणि सारखा कुणालातरी शोधत होता. मी सापडलो.

"तार तठेच व्हती ना, मिस्तरी?"

तो आरोप करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला वाटत होतं आपलंच काही चुकलं आणि आबा चाकाखाली गेले. आणि मी काय केलं? मी गर्दीत शिरलो आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. जोरात घातली. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून घातली. आयुष्यात शेकड्यांनी माणसांना मारलं असेल, रागाच्या भरात मारलं. भीतीनं मारलेली ती एकच लाथ, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुतण्याला तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं ट्रॅक्टरवरच्या हत्यारांच्या पेटीतून लोखंडी हँडल काढलं. दोघांनी डायवरचे दोन्ही हात ओढून ट्रॅक्टरच्या पायरीवर दाबून धरले.

"याना हातच तोडी टाकूत," पुतण्या म्हणाला. "परत स्टेअरिंग धराले नको."

डायवर तोपर्यंत गप्प मार खात होता. आता तो ओरडायला लागला. आमच्या भाषेत नाही, त्याच्या घरच्या भाषेत. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण हात वाचवायला माणूस जसा ओरडतो तसा तो ओरडत होता, आणि ते हात मी बघितले. माझ्यासारखेच होते. नखांत ग्रीस, तळव्यावर भाजल्याचे डाग.  हँडल वर गेलं तेव्हा मी त्या हातांवर माझा डावा हात टाकला.

हँडल खाली आलंच. माझी दोन बोटं मोडली. ती अजून वाकडी आहेत.

"डबा उघडा," मी बोंबललो. "तार मी काढेल शे!"

कुणाला कळेना. मी उजव्या हातानं पिशवीतून पेचकस काढला, चार स्क्रू सोडले, झाकण खाली टाकलं आणि चौथी तार दाखवली. ती कुठे हवी होती, मी कुठे लावली, डायवरनं मला सांगितलं होतं, त्याबद्दल मी त्याला मारलं, आणि संध्याकाळी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगून झालं नसतं.

मग त्यांनी मला धरलं. त्याचं काय सांगायचं. उस्तादचा मार त्यापुढे गोंजारणं होतं. डाव्या कानात त्या दिवसापासून शिट्टी वाजते ती अजून थांबलेली नाही. मी हात वर केले नाहीत. शेवटी खाटेवरून आबांचा आवाज आला, "आते पुरे," आणि तेवढ्यात जीप आली. शुद्ध हरपण्याआधी त्या माणसानं शेवटचं बोलावं ते माझ्यासाठी बोलावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आबा वाचले. पाय कापावा लागला. ते दवाखान्यात होते तेवढ्या दिवसांत पुतण्यानं डायवरला काढून टाकलं. चूक त्याची नव्हती हे सगळ्या गावानं ऐकलं होतं, पण दसऱ्याला चाकाखाली रक्त सांडलं आणि सीटवर तो होता, एवढं कारण पुरलं. आबा परतले तोवर तो नवापूरकडे निघून गेला होता. त्या हंगामात तो उसाच्या फडात कोयता चालवत होता, असं माझ्या कानावर आलं. मी त्याच्याकडे गेलो नाही. कसा जाणार? काय म्हणणार होतो?

वर्ष उलटलं. उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या टपरीपुढे एक जुनाट ट्रॅक्टर आला, तळोद्याकडच्या कुणाचा तरी. उतारावर थांबवून, ढकलून सुरू करून आणलेला. सीटवर डायवर. मिटलेला डोळा उघडला होता, पण पापणी थोडी खाली लोंबत होती. तो खाली उतरला आणि म्हणाला, रिले जळालाय. दुसरं काही नाही. शहाद्यात आणखी दोन वायरमन होते, पण तो माझ्याकडे आला होता.

मी दुसरं सगळं काम बाजूला ठेवलं. या ट्रॅक्टरलाही गिअरपेटीखाली तसाच स्विच होता, आणि तोही तेलानं भरलेला. मी पेटीतलं तेल काढलं, स्विच सोडवला, घासून लख्ख केला, परत बसवला, तेल भरलं. वाकड्या बोटांनी स्क्रू धरायला वेळ लागत होता. तो समोर उकिडवा बसून बघत होता. त्यानं मला मारावं असं मला सारखं वाटत होतं. मारलं असतं तर सुटलो असतो.

चौथी तार कसून झाकण लावलं आणि मी उभा राहिलो. तोही उभा राहिला.

"तार तठेच शे ना?" त्यानं विचारलं.

"शे."

"मंग चाकापुढे उभा ऱ्हाय."

मी जाऊन उभा राहिलो, आबा उभे होते त्या जागी. रबराचा तापलेला वास नाकात जात होता. त्यानं वर चढून पहिला गिअर टाकला, मला दिसेल असा टाकला, क्लच सोडला, दोन्ही पाय वर घेतले आणि बटन दाबलं.  मी स्वतः तार कसली होती, तरी डोळे त्या चाकावरून हटेनात. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. डबा गप्प. तिसऱ्यांदा दाबून त्यानं बोट तसंच धरून ठेवलं, बराच वेळ. मी हललो नाही. मग त्यानं गिअर मोकळा केला, टक आवाज झाला, इंजिन सुरू झालं, आणि मला बाजूला व्हायची खूण करून तो निघून गेला.

त्यानंतर मी ज्या ज्या ट्रॅक्टरला रिले बसवला, त्याच्या मालकाला गिअर टाकून बटन दाबायला लावलं आणि स्वतः चाकापुढे उभा राहिलो. लोकांना वाटायचं वायरमनचं डोकं फिरलंय. ज्या जागी मी एवढा घाबरलो, तिथे त्या दसऱ्याला डायवरनं आबांना निर्धास्त उभं राहू दिलं होतं, कारण मी 'शे' म्हटलं होतं.